रॉबिन्सन आर-२२ बीटा टू: सोलोसाठी (विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणासाठी) हे हेलिकॉप्टर कसं आहे?

आर-२२ मुळात शिकवण्यासाठी काढलेलं हेलिकॉप्टर नाही. फ्रँक रॉबिन्सन यांच्या डोक्यात होतं ते खासगी मालकाला परवडेल असं, दोन सीटचं साधं यंत्र. १९७५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि १९७९ मध्ये त्याला अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, म्हणजे एफएएचं, प्रमाणपत्र मिळालं. चालवायला स्वस्त, म्हणून प्रशिक्षण देणाऱ्यांनी ते उचललं आणि बघता बघता जगभरच्या विद्यार्थ्यांचा पहिला सोलो याच यंत्रात व्हायला लागला. यंत्र हलकं, चपळ, हाताला झटकन उत्तर देणारं. पण चुकीलाही ते तितक्याच झटकन उत्तर देतं. मुख्य रोटरवरचा (वर फिरणाऱ्या पात्यांवरचा) ताबा सुटून झालेल्या अपघातांमुळे १९९५ मध्ये एफएएला आर-२२ आणि त्याच कंपनीच्या आर-४४ साठी खास नियम करावा लागला. शिकाऊ वैमानिकाला आर-२२ मध्ये एकट्याने उडायचं तर त्याच यंत्रात किमान २० तासांचं ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण, हवं आणि इन्स्ट्रक्टरची लेखी मंजुरी हवी. ती मंजुरी ९० दिवसच चालते. ऑटोरोटेशन (इंजिनच्या ताकदीशिवाय उतरणं), गव्हर्नर (फेरे आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद ठेवून आरपीएम, म्हणजे रोटरचे मिनिटाचे फेरे, सांभाळणं, घसरलेला आरपीएम ओळखून सावरणं आणि लो-जीचे (यंत्र क्षणभर वजनहीन होण्याचे) परिणाम, या चार गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय सही करायची नाही. बाकीच्या देशांत आकडे वेगळे असतील, पण या चार गोष्टी कुणी वगळू नयेत.

या यंत्राची खरी परीक्षा इन्स्ट्रक्टर खाली उतरतो तेव्हा सुरू होते. आर-२२ चं जास्तीत जास्त वजन ६२२ किलो. त्यातून ८० किलोचा माणूस उतरला की आठवा हिस्सा गेला. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये एक माणूस कमी झाला तर कळतही नाही, इथे मात्र यंत्रच बदलल्यासारखं वाटतं. दोन्ही सीट मास्टच्या (रोटरच्या उभ्या दांड्याच्या) पुढे आहेत आणि इंधनाच्या टाक्या मास्टच्या मागे. म्हणजे पुढचं वजन निम्मं झालं आणि मागचं तसंच राहिलं, की गुरुत्वमध्य मागे सरकतो. नाक वर राहतं, सायक्लिक (यंत्र पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारी दांडी) नेहमीपेक्षा पुढे धरावी लागते आणि उतरताना स्किडची (खालच्या पायदांड्यांची) मागची टोकं आधी टेकतात. वैमानिकाच्या हँडबुकात टाकी पूर्ण भरलेली असताना सोलो वैमानिक आणि सामान मिळून किमान ६१ किलो हवं, असं म्हटलंय ते याचमुळे. त्याहून हलक्या विद्यार्थ्याने वजन-संतुलनाचं गणित कागदावर मांडायचं आणि गरज पडली तर बॅलास्ट (जादा वजन) ठेवायचं. ते सीटखालच्या कप्प्यात, न हलणारं. एका कप्प्यात २३ किलोपेक्षा जास्त नाही. सीट आणि कप्पा मिळून १०९ किलोची मर्यादा आहेच. सोलो उजव्या सीटवरूनच. डावा पट्टा बांधून घट्ट केलेला, डावं दार नीट लागलेलं. त्या बाजूला सुटी फाइल, टोपी, बाटली काही नको: टेल रोटर (शेपटीवरचा छोटा पंखा) डावीकडे आहे आणि दारातून उडालेली वस्तू थेट तिकडे जाऊ शकते.

हॉव्हरमध्ये (जमिनीलगत एका जागी तरंगत) जाताना दुसरा फरक जाणवतो. वजन उजवीकडे असल्यामुळे डावं स्किड आधी सुटतं, उजवं जमिनीला चिकटून राहतं. टेल रोटरचा जोरही यंत्राला उजवीकडेच ढकलत असतो. डायनॅमिक रोलओव्हरला (टेकलेल्या स्किडवर यंत्र उलटण्याला) लागणारं सगळं साहित्य इथे हजर. उपाय साधा आहे, पण घाईत तोच सुटतो: कलेक्टिव्ह (यंत्र वर-खाली नेणारा दांडा) हळू उचला, यंत्र हलकं झालं की थांबा, सायक्लिक ड्युअलच्या वेळेपेक्षा डावीकडे आणि पुढे नेऊन स्थिर जागा शोधा, मगच वर या. एक स्किड अडकतंय असं वाटलं तर कलेक्टिव्ह अलगद खाली. नुसती डावी सायक्लिक मारून सरळ करायला गेलं तर एका ठरावीक कोनापलीकडे ती पुरत नाही.

हलकं यंत्र वर जातंही पटकन. सर्किटची (मैदानाभोवतीच्या फेरीची) उंची नेहमीपेक्षा आधी येते, अप्रोचला (उतरायला येताना) ते खाली यायला तयार नसतं आणि विद्यार्थी शेवटच्या टप्प्यात उंच राहतो. मग तो काय करतो? कलेक्टिव्ह दाबतो आणि वेग एकदम कमी करतो. व्हॉर्टेक्स रिंगला (रोटरने खाली ढकललेल्या हवेतच यंत्र खचण्याला) आमंत्रण द्यायची हीच रीत. रॉबिन्सनचा आकडा पाठ असावा: वेग ३० नॉटच्या खाली आणण्याआधी उतरण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांच्या आत आला पाहिजे. आधी दर, मग वेग. उंच राहिलात तर गो-अराउंड करा (उतरणं सोडून पुन्हा वर जा), त्यात कमीपणा नाही. पहिल्या सोलोतला गो-अराउंड बघून चांगल्या इन्स्ट्रक्टरला बरंच वाटतं.

आता आरपीएम. आर-२२ बद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच. रोटर हलका, त्यात साठलेली ऊर्जा कमी. इंजिन बंद पडलं तर कलेक्टिव्ह खाली न्यायला हातात असतो जेमतेम सेकंद-दीड सेकंद. पॉवर असताना बीटा टूचा (आर-२२ च्या या आवृत्तीचा) काटा १०१ ते १०४ टक्क्यांत, नेहमीचं काम १०४ वर. पॉवर नसताना ९० ते ११०. कमी आरपीएमचा हॉर्न आणि दिवा ९७ टक्क्यांना लागतात, आणि हॉर्न कलेक्टिव्ह पूर्ण खाली असताना वाजत नाही. जमिनीवर कलेक्टिव्ह किंचित उचलून तो तपासायचा असतो, ही पायरी बरेच जण उरकून टाकतात. सुमारे ८० टक्के, त्यात दर हजार फुटांमागे १ टक्का, एवढ्या खाली आरपीएम गेला की ब्लेड स्टॉल होतात, म्हणजे यंत्राला उचलून धरत नाहीत. तिथून परत येण्याचा मार्ग नाही.

गव्हर्नर इंजिनचा आरपीएम ८० टक्क्यांच्या वर गेला की कामाला लागतो आणि थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारी मूठ) स्वतः फिरवतो. सोय मोठी, पण त्यात एक खोच आहे. थ्रॉटलची मूठ घट्ट आवळली तर गव्हर्नर हरतो. त्याची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली आहे, म्हणजे तो बिघडला तर वैमानिकाला त्याच्यावर मात करता यावी. सोलोला हात घामेजलेले, बोटं कडक, कलेक्टिव्ह वर जातंय आणि थ्रॉटल मुठीत अडकलेलं. आरपीएम घसरतो, हॉर्न वाजतो, यंत्र खाली बसायला लागतं आणि घाबरलेला हात कलेक्टिव्ह आणखी वर ओढतो. तिथेच घात होतो, कारण आरपीएम १० टक्के पडला की इंजिनची उपलब्ध ताकदही त्याच प्रमाणात पडते. हॉर्न वाजला की एकाच हालचालीत थ्रॉटल उघडायचं आणि कलेक्टिव्ह खाली. पुढे वेग असेल तर सायक्लिक थोडी मागे. शिकवताना थ्रॉटल दोन बोटांनी अंडं धरावं तसं धरायला लावणारे इन्स्ट्रक्टर या यंत्राला ओळखून असतात.

ऑटोरोटेशनमध्येही वजनाचा हिशेब उलटतो. दोघं असताना रोटर जास्त फिरायला बघतो, म्हणून ११० ओलांडू नये यासाठी विद्यार्थ्याला कलेक्टिव्ह थोडं उचलायची सवय लागते. एकटा असताना तोच रोटर कमी आरपीएमवर स्थिरावतो. जुन्या सवयीने कलेक्टिव्ह उचललं तर हाताशी असलेला आरपीएमही जातो. सोलोला इंजिन गेलं तर कलेक्टिव्ह तळाला, वेग ६५ नॉट, आणि काटा वाचल्याशिवाय हात वर नाही. आमच्या मते सोलोपूर्व तपासणीत हे तोंडी विचारलंच पाहिजे. उत्तर अडखळलं तर सोलो दुसऱ्या दिवशी.

लो-जीबद्दल थोडक्यात. दोन ब्लेडचा, सी-सॉसारखा डुलणारा रोटर यंत्राला जणू टांगून धरतो. सायक्लिक झटक्यात पुढे ढकलली की ते टांगलेपण संपतं, रोटरचा ताबा जातो आणि टेल रोटरचा जोर यंत्राला उजवीकडे कलंडवतो. हात आपोआप डावीकडे जातो. तेच करायचं नाही, कारण डिस्क (फिरत्या पात्यांची चकती) वळते पण यंत्र वळत नाही आणि हबचा (पाती जोडलेल्या मधल्या भागाचा) आघात मास्टवर होतो. आधी सायक्लिक अलगद मागे, रोटरवर भार आला की मगच डावीकडे. सायक्लिक पुढे ढकलून लो-जी आणणं हँडबुकात बंदच आहे. हे प्रात्यक्षिक दाखवायला हवेत जाऊ नका, जमिनीवर खडूने समजावता येतं.

वाऱ्याच्या मर्यादा आर-२२ च्या हँडबुकात स्पष्ट आहेत. हेलिकॉप्टरचे २०० तास, त्यात आर-२२ चे ५० आणि वर सांगितलेल्या चार गोष्टींचं खास प्रशिक्षण, हे सगळं नसलेल्या वैमानिकाने झोतांसकट २५ नॉटच्या वर वारा असताना उडायचं नाही, झोतांतला फरक १५ नॉटच्या वर असला तरीही नाही. मध्यम टर्ब्युलन्स लागला तर तिथे रेंगाळायचं नाही. पण हे आकडे म्हणजे परवाना असलेल्यांची कमाल मर्यादा. पहिल्या सोलोला निम्मा वारासुद्धा जास्तच, आणि दिशा बदलणारा वारा असेल तर वेग कितीही कमी असो, थांबलेलं बरं. मागून किंवा डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात यंत्र अचानक उजवीकडे वळायला लागलं तर पूर्ण डावं पेडल लगेच, आणि वळण थांबेपर्यंत दाबलेलंच.

केबिनमधली एक जागा मात्र डिझाइनमध्ये आणखी चांगली करता आली असती. कन्सोलवर मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) नॉब आहे आणि कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा देणारा) नॉब त्याच भागात, कलेक्टिव्हच्या जवळ. चुकून कार्ब हीटऐवजी मिक्श्चर ओढलं की इंजिन बंद. रॉबिन्सनची पहिलीच सेफ्टी नोटीस याच चुकीवर आहे. त्यांनी काढलेला उपाय म्हणजे मिक्श्चरच्या नॉबवर बसवायचं प्लॅस्टिकचं छोटं नळकांडं. सुरू करण्याआधी लावायचं, उड्डाण संपेपर्यंत काढायचं नाही. दिसायला क्षुल्लक आहे आणि हमखास हरवतं. ते जागेवर नसेल तर सोलो सोडू नये, इतकं साधं आहे. कार्ब हीटचा नियम असा की मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) १८ इंचांच्या खाली गेलं की कार्ब्युरेटरच्या तापमानाच्या काट्यावर विश्वास नाही, पूर्ण हीट. हवा उबदार आणि दमट असली तरी बर्फ धरतो, आणि गव्हर्नर थ्रॉटल उघडत राहून ते झाकून ठेवतो. आरपीएम ठीक दिसतोय म्हणून निश्चिंत राहू नये, मॅनिफोल्ड प्रेशर बघावं.

बाकी पाहणी लवकर होते. गिअरबॉक्सवरच्या तापमानाच्या पट्ट्यांतले ठिपके काळे पडलेले नाहीत ना, बेल्ट ठीक आहेत ना, टेल रोटर हाताने डुलवून अडखळत नाही ना. मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची) तपासणी ७५ टक्क्यांवर, दोन सेकंदांत ७ टक्क्यांपेक्षा जास्त घसरण नको. क्लचचा (बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचा) दिवा अधूनमधून क्षणभर लागणं ठीक. तो लागून राहिला तर हँडबुकातल्या सेकंदांनंतर क्लचचा सर्किट ब्रेकर ओढायचा आणि जवळच्या सुरक्षित जागी उतरायचं. इंधन तासाला साधारण ३० ते ३५ लिटर जळतं. लो फ्युएल दिवा लागला म्हणजे उरलंय सुमारे ४ लिटर, पाचेक मिनिटांचं. सोलोत तो दिवा दिसणं म्हणजे नियोजन आधीच फसलेलं.

पर्याय आहेत. कॅब्री जी-२ चा रोटर तीन ब्लेडचा आणि पूर्ण आर्टिक्युलेटेड (प्रत्येक ब्लेड बिजागरीवर स्वतंत्र हलणारा) आहे, टेल रोटर आवरणात आहे, त्यामुळे वरच्या यादीतला लो-जीचा धोका बराच कमी होतो. श्वायझर ३०० चा रोटरही तसाच, पण तिथे ग्राउंड रेझोनन्स (जमिनीवर यंत्राची थरथर वाढत जाणं) शिकावा लागतो. दोन्ही यंत्रं विद्यार्थ्याच्या चुका जास्त पोटात घालतात. तरी आर-२२ वर शिकलेला हात आरपीएमच्या बाबतीत कायमचा सावध होतो, आणि पुढे कुठलंही हेलिकॉप्टर घेतलं तरी तो गुण उपयोगी पडतो. गुण द्यायचे तर ५ पैकी साडेतीन. एक गुण त्या कन्सोलसाठी कापला, अर्धा हलक्या विद्यार्थ्याला बॅलास्ट घेऊन फिरावं लागतं म्हणून.

आणि सोलोचा शेवटचा धोका स्किड टेकल्यानंतरचा. इन्स्ट्रक्टर हसत येताना दिसला म्हणून पट्टा सोडायचा नाही, इंजिन चालू ठेवून बाहेर पाय तर मुळीच टाकायचा नाही. कलेक्टिव्ह तळाला, ते हलू न देणारं फ्रिक्शन लावलेलं. इंजिन थंड होऊ द्यायचं, थ्रॉटल बंद, क्लच सोडायचा, ३० सेकंद थांबून मिक्श्चर ओढायचं, आणखी ३० सेकंदांनी रोटर ब्रेक. प्लॅस्टिकचं ते नळकांडं मिक्श्चर ओढायच्या वेळीच काढायचं, आणि नंतर पुन्हा नॉबवर बसवून ठेवायचं, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला शोधावं लागत नाही.