सीटखालचा सबवूफर: गणपतीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वापरून

गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर, म्हटलं की डिकी अडवून बसलेली मोठी पेटी आणि सिग्नलला शेजारच्या गाडीच्या काचा थरथरवणारा दणका, एवढंच बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर येतं. मला डग्गा ऐकायचा होता. कंपनीच्या स्पीकरवर ‘धा’ वाजला की त्यातला ‘ना’ स्वच्छ यायचा आणि ‘घे’ कुठेतरी विरून जायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो भरदार नाद मिळवलेला असतो, तो तर गाडीत पोचतच नव्हता. हेड युनिटमध्ये, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिममध्ये, बेस वाढवला की दाराचं प्लास्टिक खरखरायचं आणि गायकाचा आवाज घशात अडकल्यासारखा यायचा.

गाडी साधी हॅचबॅक. चार दारांत चार स्पीकर, डॅशबोर्डवर कंपनीचाच टचस्क्रीन. स्क्रीनमध्ये रिव्हर्स कॅमेरा आणि स्टीअरिंगवरची बटणं गुंतलेली असल्यामुळे तो बदलायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. असल्या युनिटचा आतला अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा भाग) जाहिरातीत कितीही मोठा दिसला तरी प्रत्यक्षात एका स्पीकरला पंधरा-वीस वॅटच्या आसपासच ताकद मिळते, आणि खर्जाला लागणारी ताकद तिथून निघत नाही. म्हणून गेल्या गणपतीत मी शेजारच्या सीटखाली ८ इंचाचा, अ‍ॅम्प आतच असलेला चपटा सबवूफर बसवून घेतला. या प्रकारातली चांगली युनिट्स साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतात, वायरिंग आणि मजुरी वेगळी.

वायरिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निम्मा आवाज तिथेच ठरतो. पॉवरची वायर थेट बॅटरीवरून घेतली आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवला. तो सबवूफरजवळ बसवून उपयोग नाही, कारण मधल्या लांब वायरचं आवरण घासून ती बॉडीला टेकली तर तिला कोण वाचवणार? फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर आणताना कंपनीचाच रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेची चकती) वापरला. बाजारात स्वस्त किटमध्ये ‘आठ गेज’ जाडीची म्हणून जी वायर मिळते, तिच्यात बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. पात्याने तार थोडी खरवडली की आतला चंदेरी रंग दिसतो. अस्सल तांब्याची वायर महाग पडते, पण १२ व्होल्टवर १२० वॅट ओढायचे म्हणजे दहा अँपिअर करंट. एवढ्या करंटला वायरच्या जाडीत आणि धातूत काटकसर करू नये.

अर्थची, म्हणजे करंटच्या परतीची, वायर मात्र बॅटरीपर्यंत न्यावी लागली नाही. सीटच्या बोल्टजवळचा रंग पत्रा दिसेपर्यंत घासून ती तिथेच घट्ट आवळली. सिग्नलसाठी मागच्या स्पीकरच्या वायरी न कापता, आमच्या मॉडेलसाठी मिळणारा तयार कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, मध्ये जोडला. वायर कापली की उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला आयती जागा मिळते. सिग्नलच्या वायरी गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने नेल्यामुळे इंजिनबरोबर चढणारी शिट्टी, जी ढिल्या अर्थमुळे पुष्कळांच्या गाडीत ऐकू येते, ती आजवर एकदाही आलेली नाही. सगळ्या वायरींवर नालीदार पाइप चढवला. आमच्याकडे रस्त्यावर लावलेल्या गाडीत उंदीर शिरतात, तेव्हा हा खर्च टाळण्यासारखा नाही.

सेटिंगला पहिले काही आठवडे गेले. हेड युनिटची सगळी बटणं शून्यावर आणली, ‘लाउडनेस’ बंद केलं. सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचाच आवाज त्याने वाजवायचा ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला, कारण त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही. तोच १२० वर नेला की पुरुष गायकाचा अर्धा आवाज सीटखालून यायला लागतो, जे मला अजिबात सहन होत नाही. मग फेजचा खटका, म्हणजे सबवूफरची कंपनं दारातल्या स्पीकरच्या तालात आहेत की उलट, ते ठरवणारा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून, एकसारखा खर्ज असलेला तुकडा लावून, ० आणि १८० दोन्हीवर ऐकलं. ज्या बाजूला खर्ज भरीव वाटला ती बाजू कायम केली. माझ्या गाडीत ती १८० निघाली, तुमच्यात उलटही निघेल. गेन, म्हणजे सबवूफरच्या आवाजाची पातळी, सर्वांत शेवटी, अगदी थोडा थोडा. सबवूफर वाजतोय हे कळायला लागलं की तिथून जरा मागे यायचं. पण बंद केल्यावर मात्र गाणं अचानक पोकळ वाटलं पाहिजे.

एवढं झाल्यावर जो फरक पडला त्याचं मला आजही अप्रूप आहे. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड आता कळते. तानपुऱ्याचा खर्ज गायकाच्या पाठीमागे उभा राहतो. लावणीतल्या ढोलकीची थाप आणि तिच्यामागचा घुमारा वेगवेगळे ऐकू येतात. खरा लाभ तर दारातल्या स्पीकरना झाला. पूर्वी त्यांच्या माथी मारलेला बेस हेड युनिटमधून कमी केला आणि तेवढा सबवूफरच्या गेनवर भरून काढला. ते मोकळे झाले, आणि शब्द इतके स्पष्ट यायला लागले की स्पीकर बदलायचा विचार मी सोडून दिला.

महामार्गावर हिशोब थोडा बदलतो. टायरची घरघरही खर्जातच असते आणि ती गाण्याचा खर्ज झाकून टाकते. काँक्रीटच्या रस्त्यावर तर जास्तच. कोल्हापूरहून पुण्याला जाताना ऐंशी-नव्वदच्या वेगात मी सबवूफरला वायरने जोडलेलं बेसचं बटण थोडं वर नेतो आणि गावात शिरलो की खाली आणतो. ते हाताशी बसवून घ्या, डॅशबोर्डच्या खाली आत कुठेतरी नको. आमच्या आईला कंबरेचा त्रास आहे. ती शेजारी बसली की सीटमधून येणारी थरथर तिला नको वाटते, तेव्हा ते बटण शून्यावर जातं. सीटखालच्या सबवूफरचा हा स्वभावच आहे. घरात पाठीचं दुखणं असेल तर बसवण्याआधी त्या माणसाला तयार गाडीत बसवून बघा.

मर्यादाही आहेत. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते, आणि साधारण तिथपर्यंत हा ८ इंची साथ देतो. त्याखालचं काही याच्याकडून होत नाही. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची आवड असेल तर डिकीतली पेटीच घ्या, हा पुरायचा नाही. दुसरं असं की, कंपनीची बरीच हेड युनिट्स आवाज वाढवत नेला की स्पीकर फाटू नयेत म्हणून आतल्या आत बेस कापतात. आमचंही तेच करतं. सबवूफरला सिग्नल तिथूनच मिळत असल्यामुळे मोठ्या आवाजात तोही दबतो. मी मध्यम आवाजात ऐकतो म्हणून भागतं. नाहीतर मध्ये डीएसपी, म्हणजे आवाजाचा सिग्नल सुधारणारा वेगळा प्रोसेसर, घालण्यावाचून इलाज नाही, आणि खर्च जवळपास दुप्पट होतो.

पहिल्या महिन्यात मागची नंबर प्लेट आणि डाव्या दाराच्या आतला एक क्लिप वाजायला लागला. प्लेटमागे फोमची पट्टी लावली. पुढच्या दोन्ही दारांत मग ब्यूटाइलचे (एक प्रकारचं रबर) थरथर शोषणारे डॅम्पिंग शीट लावून घेतले. आवाज गप्प झालेच, शिवाय दार बंद करतानाचा आवाजही जडशीळ झाला. पाण्यापासून आडोसा करणारी दारातली प्लास्टिकची शीट मात्र नीट परत चिकटवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत झिरपतं.

बॅटरीची काहीच तक्रार नाही. इग्निशन बंद झालं की सबवूफरही बंद होतो. उन्हाळ्यात दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत तो लगेच जोरात वाजवत नाही, एसीने आतली हवा निवेपर्यंत थांबतो. खरी काळजी पुढच्या महिन्यांची आहे. ओल्या चपलांचं पाणी कार्पेटमध्ये मुरतं आणि युनिट त्यावरच असतं. म्हणून जमिनीपासून बोटभर उंच राहील अशा प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर ते चढवून घेतलंय, आणि मागे पाणी धरून ठेवणारे उभ्या कडांचे रबरी मॅट टाकलेत.

घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी टेप घेऊन सीटखाली वाका. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि उंची बदलत असेल तर सर्वांत खाली करून, तिन्ही स्थितींत मोकळी जागा मोजा. मागच्या प्रवाशांसाठी एसीची नळी सीटखालून गेली आहे का तेही पाहा. ती असेल तर आमच्यासारखं चपटं मॉडेलसुद्धा बसेलच असं नाही.