शुक्राणूंसाठी आयुर्वेदिक उपचार: काही महिने घेतल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण असे लेख वाचताना मी स्वतः खाली सरकत सरकत आकडेच शोधायचो. उपचारापूर्वी माझा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, एका मिलिलिटरला ११ मिलियन होता आणि नीट पुढे पोहणारे शुक्राणू २१ टक्के. आता काउंट १९ मिलियन आणि पुढे पोहणारे ३४ टक्के आहेत. आकार-बांधणी, म्हणजे मॉर्फॉलॉजी, होती तिथेच, ३ टक्क्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा काउंटला १६ मिलियन, पुढे पोहणाऱ्यांना ३० टक्के आणि मॉर्फॉलॉजीला ४ टक्के दिली आहे. म्हणजे दोन विषयांत काठावर पास, एकात नापास. गोड बातमी अजून नाही.

आता या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा ते. माझा अगदी पहिला रिपोर्ट ७ मिलियनचा होता. डॉक्टरांनी काहीही औषध न देता काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायला लावली, तेव्हा ११ आले. मधल्या काळात मी काहीच घेतलं नव्हतं. त्याच दरम्यान एखादी बाटली सुरू केली असती तर आज तिचे गोडवे गात बसलो असतो. वीर्याचा रिपोर्ट हा असा हलता असतो. शेवटचं वीर्यस्खलन होऊन किती दिवसांनी नमुना दिला, मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप येऊन गेला का, नमुना सगळा डबीत पडला का, तासाभरात तपासला गेला का, सगळ्याचा फरक पडतो. म्हणून एका रिपोर्टवर रडायचंही नाही आणि नाचायचंही नाही. पुढचे सगळे नमुने मी एकाच लॅबमध्ये आणि तितक्याच दिवसांच्या संयमानंतर दिले. संयम २ ते ७ दिवसांचा असावा असं सांगतात. मी दर वेळी तीनच दिवस ठेवला.

वैद्यांकडे जाण्याआधी यूरोलॉजिस्टकडे जाऊन आलो होतो आणि हे मी प्रत्येकाला सांगेन. हात लावून तपासणी, डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची तपासणी एवढं झालं. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगलेल्या. हा प्रकार साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांत असतो आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्यांत त्याहून बराच जास्त दिसतो. ऑपरेशनचा पर्याय त्यांनी समोर ठेवला. बायकोच्या तपासण्या व्यवस्थित होत्या, तिचं वयही हाताशी वेळ आहे असं होतं, म्हणून काही महिने थांबून बघायला त्यांची हरकत नव्हती. वैद्यांनाही मी हे सगळे कागद दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले, यानेच मला अर्धा धीर आला. याआधी एका ठिकाणी रिपोर्टकडे ढुंकूनही न बघता थेट तीन डबे पुढे सरकवले गेले होते, तिथून मी तसाच परतलो.

पहिल्या भेटीत वैद्यांनी शुक्राणूंबद्दल फार कमी आणि पोटाबद्दल फार जास्त विचारलं. शौचाला कधी होते, जेवल्यावर जडपणा येतो का, रात्री किती वाजता झोपता, सिगारेट किती. मला वाटलं होतं लगेच अश्वगंधा हातात पडेल. पण सुरुवातीचे काही आठवडे फक्त पाचनाची औषधं, मग थोडे दिवस औषधी तूप, मग एक विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध देऊन पोट साफ करणं. त्यांचं म्हणणं, मळक्या कापडावर रंग चढत नाही. हा दृष्टांत सुश्रुतसंहितेत रसायनाच्या, म्हणजे शरीर बळकट करणाऱ्या उपचारांच्या, संदर्भात आलेला आहे हे नंतर वाचनात आलं. विरेचनाचा दिवस मात्र सुट्टीचाच ठेवा. त्या दिवशी घराबाहेर पडायचा विचारही करू नये.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अंग. लोक त्याला 'ताकदीचं औषध' म्हणून ओळखतात आणि जाहिरातवाल्यांनी ती ओळख पार वाया घालवली आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय या विषयाला दिलाय आणि त्याचा रोख संततीवर आहे. शुक्र म्हणजे वीर्य, हा शरीर घडवणाऱ्या सात धातूंपैकी सातवा, रस या पहिल्या धातूपासून क्रमाने तयार होत शेवटी येणारा. म्हणून सुरुवात पचनापासून, असा तो हिशोब. हे आधुनिक शरीरशास्त्राशी एकास एक जुळत नाही आणि जुळवायचा आटापिटा मी करत नाही. पण चरकाच्या एका वाक्याने मला चकित केलं. शेक-वाफेचे प्रकार सांगताना तिथे म्हटलंय की वृषण, हृदय आणि डोळे यांना स्वेदन सौम्य द्यावं किंवा देऊच नये. अंडकोश शरीराबाहेर लोंबतात ते मुळात शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहण्यासाठी, हे आज शाळेच्या पुस्तकात असतं. तरीही पंचकर्माच्या नावाखाली सरसकट वाफेच्या पेटीत बसवणारे आहेतच. तुम्ही याच कारणासाठी उपचार घेत असाल तर पेटीत शिरण्याआधी हा प्रश्न जरूर विचारा. माझ्या वैद्यांनी वाफ टाळली. त्याऐवजी तेलाचा अभ्यंग, म्हणजे मालिश, आणि मात्राबस्ती, म्हणजे गुदद्वारातून थोडं औषधी तेल, दिली. बस्तीबद्दल सगळ्यांना संकोच असतो, प्रत्यक्षात ते पाच मिनिटांचं काम आहे.

मग आलं चूर्ण. अश्वगंधा, कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचं बी, गोखरू, शतावरी, आवळा. सकाळ-संध्याकाळ एक चमचा, कोमट दूध आणि थोड्या तुपाबरोबर. ऐकायला राजेशाही वाटतं. खरं चित्र असं की चूर्ण दुधात विरघळत नाही. वर तुपाचे पिवळे थेंब तरंगतात, मध्ये दूध, आणि तळाशी करड्या रंगाचा गाळ बसतो, जो शेवटच्या घोटाला घशात अडकतो. अश्वगंधेचा वास उग्र, नावातच घोडा आहे. काही दिवसांनी मी चूर्ण आधी तुपात कालवून चाटायला लागलो आणि वरून दूध प्यायलो, तेव्हा जमलं. कवचबीज शुद्ध केलेलं असावं लागतं. बिया दुधात उकडून साल काढतात. हे केलंय का, असं विचारल्यावर जो गोंधळतो त्याच्याकडून घेऊ नका.

त्रास झाला का? झाला. पहिल्या पंधरवड्यात पोट जड, भूक मंद. वैद्यांनी मात्रा निम्मी केली आणि हळूहळू वाढवली, तेव्हा सुरळीत झालं. अश्वगंधेने संध्याकाळी गुंगी यायची, पण रात्रीची झोप मात्र खरोखर सुधारली. हा मला जाणवलेला सगळ्यात ठळक फरक, आणि तो रिपोर्टच्या कितीतरी आधी आला. ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी अश्वगंधा स्वतःच्या मनाने सुरू करू नये, ती थायरॉइडची पातळी वाढवू शकते. क्वचित कुणाच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. मी मध्येच एकदा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घेतली, नॉर्मल होती. कवचबीजात लेव्होडोपा असतं, तेच पार्किन्सनच्या गोळीतलं. तेव्हा 'वनस्पतीच आहे, काय होतंय' हे बोलणं मला पटत नाही. काही होत नसेल तर मग शुक्राणूंना तरी काय होणार?

अभ्यास किती आहेत हेही शोधलं. अश्वगंधेवरचा २०१३चा एक प्रयोग सगळीकडे फिरत असतो. काउंट कमी असलेल्या ४६ पुरुषांत केलेला, दिवसाला ६७५ मिलिग्रॅम अर्क, ९० दिवस. काउंट १६७ टक्क्यांनी वाढला असं त्यात आहे. आकडा जबरदस्त आहे, माणसं मात्र ४६. शिलाजितावर २०१०चा एक अभ्यास आहे, तोही लहानच. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर 'सिद्ध झालंय' असं छापणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. अर्थात दुसऱ्या बाजूला झिंक आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्याही वर्षानुवर्षं सर्रास लिहून दिल्या जात होत्या. २०२० साली दोन हजारांहून जास्त जोडप्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचा ना रिपोर्टला फायदा दिसला ना बाळंतपणांच्या संख्येत. निदान मोठा प्रयोग झाला आणि उत्तर मिळालं. अश्वगंधेच्या वाट्याला तसा प्रयोग यायला हवा.

आता तयार कॅप्सूलच्या बाटल्यांबद्दल, कारण बहुतेकांचा प्रश्न तोच असतो. '३० दिवसांत फरक' असं लिहिलेली कुठलीही बाटली खाली ठेवा. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यानंतर नळ्यांतून प्रवास करून पक्व व्हायला आणखी काही दिवस. म्हणजे आज सुरू केलेल्या कशाचाही नवीन फौजेवर परिणाम झाला की नाही, हे तीन महिन्यांच्या आत कळूच शकत नाही. तिसाव्या दिवशी जे तपासायला जातात ते शुक्राणू औषध सुरू करण्याच्या आधीच घडायला लागलेले असतात. मी पहिली तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावर केली, तेव्हा काउंट १४ होता. घरातले म्हणाले, एवढंच? वैद्य म्हणाले, चालू ठेवा.

दुसरी गोष्ट, भस्मं. 'सुवर्णयुक्त', 'विशेष रसकल्प' वगैरे नावांनी जे विकलं जातं त्यात धातू असतात. २००८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली होती. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजं घालून केलेल्या औषधांत, हे प्रमाण जास्त होतं. शिसं तर शुक्राणूंचं सरळ सरळ वैरी. मूल व्हावं म्हणून घेतलेल्या पुडीतून तेच पोटात जायला नको. मी वैद्यांना स्पष्ट सांगितलं, फक्त वनस्पती द्या. त्यांनी मान्य केलं. बिनलेबलच्या पुड्या, घटक न सांगणारे, 'गुप्त फॉर्म्युला'वाले यांच्या वाटेला तर जाऊच नये. जिममध्ये मिळणारी इंजेक्शनंही त्याच यादीत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून अंडकोशाला मिळणारे संदेश थांबतात आणि काउंट शून्यावरही जाऊ शकतो, हे अनेक तरुणांना माहीतच नसतं.

एका मुद्द्यावर माझं वैद्यांशी जमलं नाही. त्यांचा कल संबंध कमी ठेवून शुक्र 'साठवण्याकडे' होता. यूरोलॉजिस्टचं म्हणणं उलट, फार दिवस थांबलं तर काउंट वाढलेला दिसतो पण जुने शुक्राणू मंदावतात, म्हणून एक-दोन दिवसांआड संबंध असावेत. इथे मी डॉक्टरांचं ऐकलं आणि वैद्यांना तसं सांगितलंही. ते हसले, वाद घातला नाही.

तर मग फरक कशाने पडला? प्रामाणिक उत्तर, वेगळं काढता येत नाही. याच काळात सिगारेट सुटली, ती वैद्यांच्या पहिल्या अटीमुळे. रात्री एकपर्यंत मोबाइल चाळणं बंद झालं. लॅपटॉप मांडीवरून टेबलावर गेला. वजन थोडं उतरलं. तिखट, खारट, आंबवलेलं कमी झालं. यातलं बहुतेक कुठलाही डॉक्टर सांगतो आणि आपण मान डोलावून घरी येतो. वैद्यांनी ते औषधाच्या वेळापत्रकात बांधून दिलं. सकाळचं चूर्ण उपाशीपोटी घ्यायचं म्हटल्यावर उठावं लागतं, उठायचं म्हणजे वेळेवर झोपावं लागतं. माझा अंदाज विचाराल तर चूर्णापेक्षा या बांधणीचा वाटा मोठा आहे. अंदाजच, पुरावा नाही.

बायकोबद्दल एक सांगायला हवं. दोष माझ्या रिपोर्टात असूनही 'काय गं, काही विचार?' हा प्रश्न तिलाच ऐकावा लागायचा. चूर्णाचा डबा मी मुद्दाम ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायला लागलो. आईने विचारलं तेव्हा सांगून टाकलं, माझ्यासाठी आहे. त्यानंतर तिला विचारणं बंद झालं. चरकाने श्रेष्ठ गोष्टींची एक लांबलचक यादी दिली आहे, त्यात गर्भधारणेसाठी मनाची प्रसन्नता श्रेष्ठ म्हटली आहे. ती घरात आणायला कुठलं चूर्ण लागत नाही.

हा मार्ग कुणी धरू नये, तेही लिहितो. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य असतील तर आधी कारण शोधा. नळीत अडथळा असेल तर जगातलं कुठलंही चूर्ण तो उघडणार नाही. अंडकोशात गाठ, वेदना, सूज असेल तर थेट डॉक्टर. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही काही होत नसताना दोघांच्या तपासण्या आधी, आणि 'बघू अजून एक कोर्स' म्हणत वर्ष घालवणं नको. ते वर्ष तिच्या खात्यातून जातं.

सध्या चूर्ण चालू आहे, मात्रा कमी करून. आणखी एक तीन महिन्यांची फेरी पूर्ण झाली की पुन्हा तपासणी. मॉर्फॉलॉजी तिथेच राहिली किंवा काउंट खाली आला तर व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून घ्यायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय आणि यूरोलॉजिस्टची वेळही विचारून ठेवली आहे. वैद्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, करून घ्या, मग पुन्हा या.