बामणोली ते वासोटा: होडीसेवेचा अनुभव

साताऱ्याहून कासमार्गे सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या बामणोलीहून आम्ही मार्चमध्ये वासोटा किल्ल्यासाठी होडी घेतली. ही सेवा सहलीपुरती असावी, असा समज घेऊन सकाळी काठावर उभे राहिलो, तर आमच्याआधी एका होडीत खताची पोती आणि छपराचे पत्रे चढत होते. १९६०च्या दशकात कोयना धरणात पाणी अडले, तेव्हा या खोऱ्यातली शेते, घरे आणि वाटा शिवसागर जलाशयाखाली गेल्या. अनेक कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे हलवली गेली आणि डोंगरउतारावर मागे राहिलेल्यांचे दळणवळण होडीवर आले. तापोळ्याकडे तर जीपगाड्याही तराफ्यावरून पैलतीरी जातात.

इथला धक्का एका जागी राहत नाही. १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) साठ्यातून वीजनिर्मिती आणि सिंचनासाठी जसजसे पाणी जाते, तसतशा होड्या उताराने खाली सरकतात. दिवाळीत सहज गाठता येणारी होडी उन्हाळ्यात गाळाच्या पट्ट्यापलीकडे असते. नावाड्याने फळी टाकून ठेवली होती. फळीपर्यंतचा चिखल मात्र ज्याचा त्याने तुडवायचा.

भाडे माणशी नसून अख्ख्या होडीचे असते. आम्ही चौघेच असल्याने सोबत मिळण्यात पाऊण तास गेला, आणि वासोट्याच्या चढणीआधीचा पाऊण तास परवडणारा नसतो. एका लाइफ जॅकेटचा पट्टा तुटलेला निघाला. मागताच दुसरे मिळाले, पण ते आधीच तपासलेले असायला हवे होते.

सुमारे दीड तासाच्या प्रवासात नावाड्याबद्दल मात्र तक्रारीला जागा नव्हती. इंजिन थंड करून होडीच्या कुशीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली तो अधूनमधून हात धरी. धार कोमट लागली की वेग कमी करी. उघड्या पडलेल्या बुंध्यांना वळसा घालताना त्याने एका ठिकाणी बोट दाखवून सांगितले, “इथं आमच्या आज्याची खाचरं होती.”

वनखात्याच्या चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू मोजून नोंदवल्या गेल्या. ही काटेकोरी आवडली. संध्याकाळी ठरल्या वेळी होडी तयार होती. वाटेतल्या वस्तीवरून एक आजी दुधाची किटली घेऊन चढल्या आणि आमच्या भाड्याच्या होडीत, हक्काच्या जागी बसावे तशा, थेट नावाड्याशेजारी जाऊन बसल्या.