झेलेन्स्की: पडद्यावरून की प्रत्यक्ष?

माझी भाची राज्यशास्त्राच्या प्रबंधापाशी अडली आहे. युक्रेनसाठी जगाचा पाठिंबा मिळवताना तिथले राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांची व्हिडिओ-भाषणं जास्त कामी आली की परदेश दौरे? तिला माझं उत्तर असं.

वेगात व्हिडिओला तोड नाही. रशियाचं आक्रमण 24 फेब्रुवारी 2022 चं. 8 मार्चला ते ब्रिटिश खासदारांशी बोलले, 16 ला अमेरिकी काँग्रेसशी, 17 ला जर्मन संसदेशी, 23 ला जपानच्या. माणूस वेढ्याच्या छायेतल्या कीवमधून बोलतोय, हीच त्या शब्दांची अर्धी ताकद होती. अमेरिकेत पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला, जर्मनीत बर्लिनच्या भिंतीची आठवण करून देणारी भिंत. ज्याची त्याची आठवण नेमकी जागवली. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता.

जोखमीत दौरे महाग. विमानं बंद, म्हणून आधी रेल्वेने पोलंड. पण पदरात काय पडलं ते बघ. डिसेंबर 2022 मध्ये ते वॉशिंग्टनला गेले त्याच दिवशी युक्रेनला पेट्रियट ही क्षेपणास्त्रं पाडणारी हवाई संरक्षण यंत्रणा देण्याचं जाहीर झालं (तयारी अर्थात आधीची). मे 2023 मध्ये सौदीतल्या जेद्दाहला अरब लीगची (अरब देशांच्या संघटनेची) परिषद, मग जपानमध्ये हिरोशिमात मोदींची भेट. कुंपणावरच्या देशांशी असं समोरासमोरच बोलावं लागतं. मात्र बिनसलं तर तेही जगासमोर: फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांच्याशी कॅमेऱ्यांपुढे खटका उडाला आणि युक्रेनच्या खनिजांबाबतचा अमेरिकेशी करार त्या दिवशी राहिला.

पहिल्या महिन्यांतलं जनमत अभ्यासायचं असेल तर भाषणं घे. शस्त्रं आणि तटस्थ देशांचं मन वळवणं हा विषय असेल, तर दौरे.