मतदान आणि निकाल: टीव्ही लावावा की निवडणूक आयोगाची वेबसाइट उघडावी?

मतदानाच्या दिवशी वाहिन्यांकडे दाखवायला फारसं नसतं. रांगा, शाईचं बोट दाखवणारे कलाकार, सहकुटुंब मतदानाला आलेले नेते, कुठेतरी बाचाबाची आणि अधूनमधून टक्केवारी. ती हंगामी असते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानात संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५ झाला, त्यावरून राजकारण पेटलं ते वेगळंच. सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, शिवाय केंद्रांचे आकडे रात्री उशिरापर्यंत येतच असतात. त्यामुळे पाचच्या आकड्यावरून 'निरुत्साह' ठरवणारी चर्चा सरळ बंद करावी. संध्याकाळचे एक्झिट पोल हौस म्हणून बघा.

निकालाच्या दिवशी मात्र खरी निवड करावी लागते. टीव्ही वेगवान असतो, कारण मतमोजणी केंद्राबाहेरचा वार्ताहर फोनवर आघाडी कळवतो. आयोगाच्या वेबसाइटवर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेरी मंजूर केल्यावरच आकडा चढतो. उशीर होतो, पण मतदारसंघाच्या पानावर एकूण किती फेऱ्यांपैकी कितवी झाली, हे लिहिलेलं असतं. वाहिनीच्या मोठ्या चौकटीत नेमकं हेच गायब असतं. तिथे आघाडी आणि विजय एकाच रंगात रंगतात, आणि नऊच्या आत मुख्यमंत्री कोण यावर पॅनेल बसतं.

हरियाणात ८ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी वाहिन्यांवर काँग्रेस बहुमताच्या पुढे होती, पक्षाच्या मुख्यालयात जिलेब्याही वाटल्या गेल्या. दिवसअखेर भाजप ९० पैकी ४८. आठला आधी टपाली मतं मोजायला घेतात, यंत्रांची मोजणी साडेआठपासून. म्हणजे पहिल्या तासाचा कौल फार थोड्या मतांवर उभा असतो.

चुरशीच्या जागेवर तर टीव्हीचा भरवसा धरूच नका. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ च्या लोकसभेला यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले.

स्वतःच्या मतदारसंघात जीव अडकला असेल तर मोबाइलवर आयोगाचं पान उघडून ठेवा. राज्यभराचं चित्र आणि नेत्यांच्या प्रतिक्रिया हव्या असतील तर टीव्ही, तोही अकरानंतर. आरडाओरडा सोसत नसेल तर सह्याद्री. आपल्या बूथवर कुणाला किती मतं पडली, हे मात्र त्या दिवशी या दोन्हीकडे मिळत नाही. त्यासाठी फॉर्म २०, म्हणजे बूथनिहाय मतांचा तक्ता, प्रसिद्ध होईपर्यंत थांबावं लागतं.