आरएक्स-८, आठ महिने: चार हात मागे घेतली आणि फसलो
स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडतो. नवख्यांसाठी एवढंच: माझदाची रोटरी इंजिनची गाडी, पिस्टनऐवजी हाउसिंग नावाच्या कवचात तिकोनी रोटर फिरतात. माझी २००५ ची टाइप एस मॉडेल, सेकंडहँड, ऑगस्टपासून इथे जपानमध्ये नागानोत वापरतोय.

जानेवारीत रात्रभर बर्फ पडला. सकाळी शेजारच्या काकूंना फावडं मारायला जागा हवी होती म्हणून गाडी चालू केली, चार हात मागे घेतली आणि बंद केली. झालं कल्याण. तासाभराने ऑफिसला निघालो तर स्टार्टर नुसता फिरतोय आणि मागून पेट्रोलचा भपकारा. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्तच सोडलं जातं, गरम व्हायच्या आत बंद केलं की ते आतच राहतं, हाउसिंगवरचा ऑइलचा थर धुवून टाकतं, मग रोटरच्या कडांचे सील धरत नाहीत आणि कॉम्प्रेशनच, म्हणजे आतला दाबच, मिळत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबून स्टार्टर मारायचा म्हणजे इंजेक्टर बंद राहतात, हे मला माहीत होतं, पण आठवेपर्यंत बॅटरी बसली होती. गाडी उचलून गॅरेजला नेली, चारही प्लग ओलेचिंब. बिल बघून बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं. चूक माझीच.

मग घाबरून दुसरं टोक. रोज सकाळी पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू. थंडीत एअर पंप व्हॅक्यूम क्लीनरसारखा ओरडतो, समोर पार्किंगची पाटी की उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवा, आणि महागडं हायओक (हाय-ऑक्टेन) पेट्रोल जळतंय ते वेगळंच. आधीच लिटरला सात देते.

शेवटी ऑइल टेंपरेचरचा मीटर बसवला आणि डोळे उघडले. डॅशबोर्डवरचा पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर येऊन निवांत बसलेला, आणि ऑइल चाळीस अंशांवर! रोटर आतून थंड ठेवायचं काम ऑइलचं, बेअरिंगं ऑइलवर, आणि मी इतके दिवस पाण्याच्या काट्यावर भरवसा ठेवून ९००० आरपीएमपर्यंत खेचत होतो. तो काटा नसता तरी चाललं असतं, निदान संशय तरी राहिला असता. पंधरा मिनिटं उभी ठेवूनही ऑइल धड तापत नाही, वर काजळी साचते. म्हणून आता अर्ध्या मिनिटात निघतो, ४००० च्या आत हळूहळू चालवतो, ऑइल ऐंशीला गेलं की मग खुशाल. माझ्या रस्त्यावर त्याला आठ किलोमीटर लागतात. ऑफिस नऊ किलोमीटरवर आहे.

टॅक्सचंही ऐका, इथे रोटरीचे सीसी दीडपट धरतात, १३०८ चे १९६२ होतात, दोन लिटरच्या आत म्हणून वाचलो म्हणायचं, तर तेरा वर्षांवरची गाडी म्हणून वाढीव दर, वर्षाला ४५,४०० येन. ऑइल पिते त्याची तक्रार नाही, तिला ते पाजायलाच पंप दिलाय. एक बाटली कायम डिकीत.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, त्यात काय, आपली बजाज पण आडवी केल्याशिवाय चालू व्हायची नाही. आणि मग, "पण ही देते किती?" मी विषय बदलला.

परवा पुन्हा बर्फ पडला. चावी फक्त स्टिअरिंगचं लॉक काढण्यापुरती फिरवली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि तेराशे किलोचं धूड हातानेच ढकललं. काकूंनी फावडं बाजूला ठेवून हात लावला.