ऑस्तिया आंतिका: रोमला पोसणारं बंदर, आणि भिंती वाचायची युक्ती

रोमला गेलेले बहुतेक जण कोलोसियम आणि फोरम (प्राचीन शहराचा मुख्य चौक) उरकून परततात. तिथे देवळं आणि विजयकमानी भरपूर आहेत. पण दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर रोज खायचं काय, आणि ते यायचं कुठून, हे पाहायचं तर टायबर नदीच्या मुखाशी जुन्या बंदराचे अवशेष असलेलं ऑस्तियाच गाठावं. आमच्या मते साम्राज्याची चढ-उतार इथे जास्त स्वच्छ दिसते.

जाणं सोपं आहे. मेट्रोच्या ‘बी’ मार्गावर पिरामिदेला उतरायचं आणि शेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लिदोची (समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी) गाडी पकडायची. अर्ध्या तासात पोचता. गाडीला शहराचं साधं तिकीट चालतं, अवशेषांचं मात्र वेगळं काढावं लागतं. सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, त्यामुळे गर्दीही त्याच दिवशी. मुख्य रस्ता ओबडधोबड काळ्या फरशांचा आहे, चपलांनी पाय मुरगळतो. बूटच घाला.

आत शिरल्यावर माहितीफलकांच्या मागे लागू नका, ते तोकडे आहेत. त्याऐवजी भिंतींकडे पाहा. चौकोनी दगड तिरके बसवून जाळीसारखी नक्षी दिसली, तर ढोबळमानाने बांधकाम इ.स.पू. पहिलं ते इ.स. पहिलं शतक. सलग विटा दिसल्या, तर बहुधा दुसरं शतक, म्हणजे भरभराटीचा काळ. सम्राट हेड्रियनच्या काळातलं कॅपिटोलियम, म्हणजे गावाचं मुख्य देऊळ, असंच विटांचं आहे. एक थर दगडाचा, एक विटांचा, असं आलटूनपालटून असेल तर काम बहुतेक उतरत्या काळातलं. जुन्या भिंतींवर नंतर डागडुजी झालेली असते, त्यामुळे एकाच भिंतीत दोन तऱ्हा सापडतात. तिथेच गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त वेळ थिएटरच्या मागच्या चौकाला द्या. भोवतीच्या छोट्या गाळ्यांपुढे काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये (बारीक दगडी तुकड्यांच्या नक्षीत) व्यापाऱ्यांच्या पाट्या आहेत: उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या लोकांचा हत्ती, सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीवाल्यांचं जहाज, कुठे धान्य मोजायचं माप. हिवाळ्यात काही मोझेइक झाकून ठेवतात, हे लक्षात असू द्या. मग सिल्वानसच्या गिरणीत जा. खालचा दगड शंकूसारखा आणि पक्का, वरचा डमरूसारखा. वरून धान्य ओतायचं आणि आडवा दांडा लावून जनावराने फिरवायचं. आणखी एका अंगणात जमिनीत पुरलेले रांजण आहेत. एकेकात हजार लिटरच्या आसपास माल मावेल एवढे मोठे, आणि काहींच्या खांद्यावर माप कोरलेलं. हॉटेलाचा संगमरवरी कट्टा आणि सार्वजनिक शौचालय सगळेच पाहतात, तिथे रेंगाळायची गरज नाही.

ऑस्तियाला उतरण का लागली? नदीचं तोंड गाळाने भरत होतं, मोठ्या जहाजांना ते सोयीचं नव्हतं. सम्राट क्लॉडियसने इ.स. 42 मध्ये उत्तरेला नवं बंदर बांधायला घेतलं, त्यात पुढच्या शतकात सम्राट ट्राजनने षटकोनी गोदी जोडली. पुढे व्यापार तिकडे सरकला. 439 मध्ये वांडाल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं, आफ्रिकेच्या धान्यावरचा रोमचा हक्क गेला, मग बंदराला काम कसलं उरणार? नंतर इथला संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना केला गेला. 1557 च्या पुराने नदीच पात्र सोडून सरकली.

बहुतेक लोक इथल्या फोरमवरून मागे फिरतात आणि समुद्राकडचं टोक राहून जातं. 1961 मध्ये विमानतळाच्या रस्त्याचं काम चालू असताना सापडलेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तिथेच आहे. चार तास हाताशी ठेवा; दार बंद व्हायच्या तासभर आधीच प्रवेश थांबतो. षटकोनी गोदी हे वेगळं ठिकाण आहे, ती याच फेरीत उरकायच्या नादी लागू नका.